काड्या पूर्ण, नेट बंद: मोआबच्या आरव्ही पार्कमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नेहा आणि वैभव (दोन्ही नावं बदललेली आहेत) हे डेन्व्हरजवळ राहणारं मराठी जोडपं. दोघंही घरून काम करतात. ती एका विमा कंपनीच्या दावे विभागात, तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याची निम्मी टीम पुण्यात. त्यांच्याकडे गाडीमागे जोडून ओढायचा, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा जुना ट्रेलर आहे. एका ऑक्टोबरात सांगलीहून वैभवचे आईवडील येणार होते. बाबांचं ऐनवेळी रद्द झालं, आई एकट्याच आल्या. त्यांना आर्चेस नॅशनल पार्क दाखवायचं, पण सुट्ट्या तर संपलेल्या. म्हणून दोघांनी ठरवलं की तीन आठवडे यूटामधल्या मोआबला ट्रेलर लावायचा, आठवडाभर तिथूनच काम करायचं आणि शनिवार-रविवारी फिरायचं.

मोआब हे पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. लाल वालुकाश्माच्या उंच कड्यांमध्ये, दरीत वसलेलं. आर्चेसचं प्रवेशद्वार गावापासून पाचेक मैलांवर. ऑक्टोबरात हवा उत्तम असते, त्यामुळे गाव पर्यटकांनी फुललेलं असतं. इंटरनेटच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी, म्हणजे कडे आणि गर्दी, पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

मी मोबाइल नेटवर्कच्या कामात आहे. हे सगळं मी लांबून, फोनवरून पाहिलं. नेहाने रोजचे आकडे वहीत टिपून ठेवले होते, म्हणून ते इथे देता येतात.

अडचण

आरव्ही पार्क म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर भाड्याने उभे करायची जागा. तिथल्या जाहिरातीत ‘मोफत वायफाय’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि बुकिंग करताना तेवढं पुरेसं वाटलं. पहिल्या संध्याकाळी ट्रेलरमध्ये वायफायच्या दोन काड्या दिसत होत्या आणि डाउनलोडचा वेग सेकंदाला एक मेगाबिटही भरत नव्हता.

संध्याकाळचीच वेळ का नडली, ते समजून घ्यायला हवं. ऑक्टोबरात मोआब आणि भारत यांच्या घड्याळांत साडेअकरा तासांचा फरक असतो. मोआबला रात्रीचे आठ म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात, बाबांच्या चहाची वेळ. आईंचा त्यांच्याशी व्हिडिओ कॉल तेव्हाच. अर्ध्या तासाने, पुण्यात आठ वाजता, वैभवची टीमसोबतची बैठक. आणि बरोबर याच वेळी पार्कमधली झाडून सगळी माणसं फिरून आलेली असतात, जेवण उरकून सिनेमा लावून बसलेली असतात.

पहिल्या कॉलमध्ये बाबांचा चेहरा गोठला आणि आवाज तुटत गेला. आई म्हणाल्या, “अरे, राहू दे, त्यांना सांग मी बरी आहे.” दुसऱ्या दिवशी वैभवने घाईघाईने सव्वाशे डॉलरचा वायफाय एक्स्टेंडर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे पोहोचवणारं यंत्र, मागवला. तो लावल्यावर ट्रेलरमध्ये काड्या पूर्ण आल्या. वेग होता तिथेच राहिला.

तिथून त्यांचा मला फोन आला.

आधी मोजमाप

माझं पहिलं सांगणं एवढंच होतं की आता काहीही विकत घेऊ नका, एक दिवस फक्त मोजा. इंटरनेट तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत दोन-तीन टप्पे असतात. कोणता टप्पा तुंबलाय हे कळल्याशिवाय घेतलेलं यंत्र लागू पडलं तर तो निव्वळ योगायोग.

पहिली चाचणी वायफायची. रात्री साडेआठला लॅपटॉप घेऊन नेहा पार्कच्या ऑफिसबाहेर, वायफायच्या खांबाच्या अगदी खाली उभी राहिली. तिथे सिग्नल इतका चांगला की त्याहून चांगला मिळणारच नाही. वेग १.१ मेगाबिट. पहाटे सहाला त्याच जागी २०. म्हणजे ट्रेलर ते खांब हा टप्पा दोषी नव्हताच. खांबामागे ऑफिसात येणारी लाइनच लहान होती आणि रात्री ती शंभरएक गाड्यांमध्ये वाटली जात होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? एक्स्टेंडरने पोहरा मोठा केला होता, इतकंच.

दुसरी चाचणी मोबाइलची. दोघांचे फोन दोन वेगळ्या कंपन्यांचे होते, हे नशीब. इथे मी त्यांना काड्या बघायचं बंद करायला सांगितलं. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा म्हणजे आरएसआरपी, टॉवरकडून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद. आयफोनच्या फील्ड टेस्ट मोडमध्ये आणि अँड्रॉइडच्या कित्येक मोफत अ‍ॅपमध्ये तो दिसतो. हा आकडा उणे डीबीएममध्ये (शक्ती मोजायचं एकक) असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० उत्तम, उणे १०० बेताचा, उणे ११५ च्या खाली गेलं की काम होणं कठीण. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते, १० डेसिबलला दहापट. त्याच्या जोडीला एसआयएनआर बघायचा. आपल्याला हवा असलेला सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे, ते त्यातून कळतं. शून्याच्या आसपास असेल तर वाईट, २० च्या पुढे फार छान.

वहीतले आकडे असे. नेहाच्या फोनवर ट्रेलरबाहेर उणे ९२, म्हणजे बऱ्यापैकी, पण रात्री वेग दोन मेगाबिट. सकाळी तोच ४०. हाही टॉवर गर्दीने तुंबलेला. वैभवच्या फोनवर ट्रेलरमध्ये उणे ११६ आणि बाहेर पाऊल टाकलं की उणे १०३. रात्री बाहेर वेग डाउनलोडला ९, अपलोडला दीड. काड्या कमी असलेली कंपनी रात्रीच्या वेळी चौपट वेग देत होती.

आतला आणि बाहेरचा १३ डेसिबलचा फरक हा ट्रेलरच्या पत्र्याचा. अ‍ॅल्युमिनियमचं पूर्ण कवच रेडिओलहरी अडवतं, जे काही आत येतं ते खिडक्यांमधून. फायबरग्लासच्या ट्रेलरमध्ये हा तोटा बराच कमी असतो.

ट्रेलरमध्ये डाउनलोड कसंबसं चालायचं, अपलोड मात्र मरायचं. यामागचं कारण सोपं आहे. टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो, फोनची कमाल शक्ती पाव वॉटपेक्षाही कमी, साधारण २०० मिलीवॉट. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजू लागतात. दोन माणसांच्या एचडी कॉलला दोन्ही दिशांनी साधारण १.२ मेगाबिट हवा असतो, आणि ट्रेलरमध्ये अपलोड अर्ध्या मेगाबिटच्या आसपास घुटमळत होता.

समोरचे पर्याय

एव्हाना प्रश्न नेमका झाला होता: दुसऱ्या कंपनीचा अशक्त पण मोकळा सिग्नल पत्र्याच्या आत कसा आणायचा?

एक पर्याय बूस्टरचा. बाहेर एक अँटेना, मध्ये सिग्नल वाढवणारा प्रवर्धक, आत दुसरी छोटी अँटेना. फोन बदलायला लागत नाही, सिम बदलायला लागत नाही, आणि बूस्टर अपलोडलाही जोर देतो. मर्यादाही आहेत. अमेरिकेत चालत्या वाहनातल्या बूस्टरची वाढ एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाने ५० डेसिबलपर्यंतच ठेवावी लागते आणि वापरण्याआधी तो आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवावा लागतो. आतली आणि बाहेरची अँटेना फार जवळ असली तर माइक आणि स्पीकर समोरासमोर आल्यासारखं होतं, मग यंत्र स्वतःच वाढ कमी करतं. सर्वांत मोठी अडचण वेगाची. आजचे फोन आणि राउटर एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह घेतात, नेहमीचा बूस्टर ते सगळे एकाच वाटेने आत आणतो. शिवाय ५जीचे वेगवान, वरचे पट्टे तो बहुधा वाढवतच नाही.

दुसरा पर्याय सिम घालायचा राउटर आणि त्याला थेट जोडलेली बाहेरची अँटेना. इथे प्रवर्धक नाही, त्यामुळे गोंगाट वाढत नाही आणि दोन्ही प्रवाह शाबूत राहतात. पण राउटरसाठी वेगळा डेटा प्लॅन लागतो. फोनच्या प्लॅनचं सिम त्यात घातलं तर पुष्कळ कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही. केबलही आखूड हवी. चांगल्या जाड केबलमध्येसुद्धा १०० फुटांत, २ गीगाहर्ट्झला, सुमारे ६ डेसिबल विरतात. पातळ केबल त्याच्या कितीतरी पट खाते.

तिसरा पर्याय स्टारलिंकचा, म्हणजे डिश लावून उपग्रहावरून इंटरनेट घ्यायचा. आरव्हीसाठीची ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली आणि मोकळ्या आकाशाखाली ती चांगली चालते. नेहाचा कल आधी तिकडेच होता. पण डिश आणि महिन्याचे पैसे धरता, गावातल्या तीन आठवड्यांसाठी तिला ते जास्त वाटलं.

चौथा पर्याय त्यांच्या यादीत नव्हता, मी घातला: जागा बदला. घराला चाकं आहेत. वायरलेसच्या बाबतीत इमारतीत राहणाऱ्या कोणालाही न मिळणारी ही सोय आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी तीच वापरून पाहावी.

काय केलं

दोघं वैभवचा फोन हातात घेऊन पार्कमधल्या रिकाम्या जागांवरून सावकाश चालत गेले. त्यांच्या पश्चिमेला एक मोठी मोटारहोम उभी होती, जवळजवळ तेरा फूट उंच, आणि टॉवर बरोबर तिच्यामागे. पार्कच्या दुसऱ्या टोकाला, हमरस्त्याच्या बाजूला, एक जागा रिकामी होती. तिथे बाहेरचा आकडा उणे ९४ आला. रस्त्याचा आवाज होता, सावली कमी होती. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला काय, मी दिवसभर कडेच बघत बसते. इथूनही दिसतात.” ऑफिसने जास्त पैसे न घेता जागा बदलून दिली. नऊ डेसिबल, म्हणजे आठपट शक्ती, फुकट मिळाली. रात्री बाहेर वेग २२ डाउन, ४ अप.

ट्रेलरमध्ये मात्र अजून पत्रा आडवा येत होता. दोन-तीन दिवस वैभवने फोन पावसाळी पिशवीत घालून बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि त्याचा हॉटस्पॉट खिडकीतून आत घेतला. हा उपाय दिसायला कामचलाऊ, पण तत्त्वाने अगदी बरोबर आहे: मोबाइल सिग्नल अशक्त असतो, त्याला भिंत ओलांडायला लावू नका. हॉटस्पॉटचा सिग्नल जवळचा आणि दणकट असतो, त्याला ओलांडू द्या.

जुन्या जागेच्या शेजारचं निवृत्त जोडपं वर्षभर गाडीतच राहतं. जागा बदलण्याआधीच त्यांनी आपला जास्तीचा बूस्टर एका दुपारी वापरून बघायला दिला होता. ट्रेलरमधला आकडा उणे ११६ वरून उणे ९५ वर आला, अपलोड ०.६ वरून ३ वर. डाउनलोड मात्र ५ वरून जेमतेम ८. वैभवला उणे ९५ बघून फार आनंद झाला होता, त्याला लगेच तोच घ्यायचा होता. हा निर्णयाचा खरा क्षण. त्या वेळी मी म्हणालो की कामाला लागतो तो वेग, आणि तोही रात्री आठचा. नेहाने वही पुढे केली: बूस्टर लावून आतला डाउनलोडचा वेग बूस्टरशिवाय बाहेर उभं राहून मिळणाऱ्या वेगाइतकाही नव्हता. एकट्याने राहणाऱ्या, फक्त फोनवर बोलायचं आणि मेल बघायचं असलेल्या माणसाला मी बूस्टरच सुचवला असता. इथे दोन लॅपटॉप आणि दोन व्हिडिओ कॉल होते.

शनिवारी आर्चेसऐवजी शंभरेक मैलांवरच्या ग्रँड जंक्शनला चक्कर झाली. राउटर, डेटा सिम, चपटी दिशादर्शी अँटेना आणि जोडता येणारा फायबरग्लासचा पोल असा सारा माल साधारण सातशे डॉलरला पडला. छतावर बसवायची, चारही दिशांनी घेणारी अँटेनाही दुकानात होती. ती कायम लावलेली राहते, रोज उभारायची कटकट नाही, पण छताला भोक पाडावं लागतं आणि एकाच दिशेला जोर मिळत नाही. एका जागी तीन आठवडे राहायचं म्हणून दिशादर्शी घेतली.

पोल ट्रेलरच्या मागच्या बंपरला बांधून अँटेना सुमारे वीस फुटांवर नेली. मग ती फिरवायचं काम. वैभव पोल पंधरा-वीस अंश वळवायचा आणि थांबायचा, आत नेहा मिनिटभराने एसआयएनआर वाचायची. घाई केली तर आधीच्या दिशेचाच आकडा वाचला जातो. गंमत अशी की नकाशावर टॉवर जिथे होता, त्या दिशेला सर्वोत्तम आकडा आलाच नाही. तो आला थोडं उत्तरेकडे, एका कड्याच्या रोखाने. कड्यावरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल अधिक स्वच्छ असावा. म्हणून नकाशा सुरुवातीपुरता, शेवटचा शब्द आकड्याचा. शेवटी उणे ८४ आणि एसआयएनआर १४ मिळाला, तो आधी ५ होता.

एक काम पैशांविना झालं. वैभवच्या फोनचे आणि आईंच्या टॅबचे फोटो आपोआप वर चढत होते, आणि अपलोडची वाट अशी भरली की सगळे कॉल अडखळतात. ते रात्री दोननंतर चढतील असं ठरवून टाकलं. लॅपटॉपचे अपडेटही.

निष्पत्ती

रात्री आठला ट्रेलरमध्ये ४५ डाउन, ९ अप. वैभवची बैठक आणि आईंचा कॉल पुढे कित्येकदा एकाच वेळी चालले. आई टॅब घेऊन बाहेर जायच्या आणि अंधार पडल्यावर चांदण्यात उजळलेले कडे बाबांना दाखवायचा प्रयत्न करायच्या. टॅबच्या कॅमेऱ्यात काही दिसायचं नाही, तेव्हा शब्दांनी सांगायच्या.

एका रात्री वाळवंटी वारा सुटला आणि पोल वाकायला लागला. तो उतरवून ठेवला, त्या रात्री पुन्हा पिशवीतल्या फोनवर काम भागलं. वारा, विजा, आणि पोल जाईल तिथे वरून जाणारी विजेची तार या तीन गोष्टी पोल उभारणाऱ्याने रोज बघायच्याच असतात.

शेवटच्या आठवड्यासाठी त्यांना कोलोरॅडो नदीच्या काठाने जाणाऱ्या हायवे १२८ वर, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या कॅम्पग्राउंडवर जायचं होतं. जागा विलक्षण सुंदर, दोन्ही बाजूंनी लाल भिंती, वीज-पाण्याची जोडणी नाही. ट्रेलर न हलवता आधी फक्त गाडीने दोन्ही फोन घेऊन जाऊन आले. दरीत शिरल्यावर थोड्याच अंतरात दोन्ही फोनचा सिग्नल पूर्ण गेला. जिथे मुळात काही येतच नाही, तिथे अँटेना आणि बूस्टर दोन्ही निरुपयोगी.

स्टारलिंकचा विचार परत निघाला. त्यांच्या अ‍ॅपमध्ये फोन आकाशाकडे फिरवून अडथळे तपासता येतात, डिश घेण्याआधीही. भिंतींनी आकाशाचा मोठा तुकडा खाल्लेला दिसला, म्हणजे कॉल मधूनमधून तुटणार. शिवाय वीज. नेहमीची डिश ७५ ते १०० वॉट घेते, आठ तासांचे ६०० ते ८०० वॉट-तास. त्यांची बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम, म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास, आणि त्यातच दिवे, पाण्याचा पंप, रात्रीची हीटर. छोटी ‘मिनी’ डिश २५ ते ४० वॉटवर भागवते, पण आकाश तिलाही लागतं.

मग निर्णय झाला: सोमवार ते शुक्रवार आरव्ही पार्कमध्येच, आणि शेवटचा शनिवार-रविवार नदीकाठी, नेटविना. वैभवने टीमला आधी कळवलं. आईंनी बाबांना दोन दिवसांचं आगाऊ सांगून ठेवलं. अडीअडचणीला नेहाच्या आयफोनवरची उपग्रहामार्फत आपत्कालीन संदेशाची सोय होती. ती कशी वापरायची, तेही निघण्याआधी दोघांनी करून पाहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

खांबाखाली उभं राहून केलेली दहा मिनिटांची चाचणी पहिल्याच रात्री झाली असती तर एक्स्टेंडरचे पैसे वाचले असते. तो वाईट असतो असं नाही. पार्कची लाइन मोठी असेल आणि तुमची जागा खांबापासून लांब असेल, तर तो उपयोगी पडतो.

बुकिंगच्या वेळी ‘वायफाय आहे का’ असं विचारलं गेलं. विचारायला हवं होतं ते हे: तुमची लाइन किती मेगाबिटची, गाड्या किती, आणि रात्री नऊला व्हिडिओ कॉल चालतो का? बरेच व्यवस्थापक प्रामाणिक उत्तर देतात. एफसीसीचा ब्रॉडबँड नकाशा आणि लोकांनी मिळून बनवलेले टॉवरचे नकाशे घरबसल्या पाहता येतात. कडे आणि दऱ्या असलेल्या भागात मात्र या नकाशांवर विसंबून कामाचा आठवडा ठरवू नये.

दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन असणं इथे योगायोगाने घडलं. फिरत काम करणाऱ्या जोडप्याने ते मुद्दाम करावं असं मी सुचवेन. कुटुंबाचा एकत्र प्लॅन स्वस्त पडतो हे खरं, पण दोघांचे फोन एकाच टॉवरवर अडकतात.

एका मुद्द्यावर त्यांचं अजून एकमत नाही. वैभवला आता छतावरची कायमची अँटेना हवी आहे. नेहाला पोल पुरेसा वाटतो. माझं मत नेहाच्या बाजूने आहे, निदान त्यांच्या या जुन्या ट्रेलरपुरतं: वर्षातून दोन-तीनदा, एकेका जागी आठवडे काढणाऱ्यांना वीस फुटांची उंची आणि एका दिशेचा जोर जास्त देऊन जातो, आणि छताला पाडलेलं भोक नीट बुजवलं नाही तर पहिल्याच बर्फात गळतं. ते रोज मुक्काम हलवत असते तर मी वैभवच्या बाजूने बोललो असतो.